चरायला जाणाऱ्या गुरांच्या जंतावर झाडपाला: काय द्यायचं, किती द्यायचं आणि कुठं डॉक्टरच लागतो

ही माहिती कोणाच्या कामाची हे आधी सांगतो. ज्यांची जनावरं बारा महिने दावणीलाच असतात, उसाचं वाढं, मका, कडबाकुट्टी आणि वर कांडी पेंड असा ज्यांचा हिशोब, म्हंजे वाळवा, पलूस, कराड बाजूची बरीच मंडळी, त्यांना जंताचा त्रास होतो पण त्यामानानं कमी. खरा त्रास एक तर माण, खटाव, आटपाडी, जत इकडं माळावर नायतर गायरानात सोडलेल्या गुरांना, आणि दुसरा पाटण, जावळी, शिराळा ह्या भाताच्या पावसाळी पट्ट्यातल्या गुरांना. ह्या दोन्ही ठिकाणचे जंत बरेचसे वेगळे, त्यामुळं उपाय पण वेगळा. हे न बघता सगळ्यांना एकच कडुलिंबाचा लगदा चारायचा आणि मग "झाडपाल्यात काय दम नाय" म्हणायचं, हे लय ठिकाणी चालतं.

जंत चढतो कसा हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. गुराच्या पोटातला जंत अंडी घालतो, ती शेणातनं बाहेर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात त्यातनं अळी तयार होते, ती दवाच्या पाण्यातनं गवताच्या पात्यावर चढते, गुरानं ते गवत खाल्लं की परत पोटात आणि तिथं तीन-चार आठवड्यांत मोठी होऊन पुन्हा अंडी सुरू. चौथ्या पोटात बसणारा हिमोंकस नावाचा जंत आहे तो रक्त पितो, म्हणून वासरू पांढरं पडतं, डोळ्याची पापणी उलटून बघितली तर फिकी दिसते, केस राठ होतात, आणि लय वाढलं की जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबायला लागते. आता आपल्या माणदेशात एप्रिल-मेचं ऊन असं असतं की उघड्या माळावरची बहुतेक अळी करपून जाते. म्हंजे पावसाच्या तोंडाला रान जवळपास साफ असतं, आणि ते परत घाण करतं कोण, तर उन्हाळाभर पोटात जंत सांभाळून बसलेलं आपलंच जनावर. त्यामुळं कोरड्या पट्ट्यातलं सगळं काम बेंदूर ते दसरा ह्या काळातलं आहे. मार्च महिन्यात माळ वाळल्यावर पाला चारत बसण्यात काय अर्थ नाय.

कळपातल्या सगळ्या जनावरांना सारखा धोका नसतो हे पण लक्षात ठेवा. थोड्याच जनावरांच्या पोटात बहुतेक जंत असतात, आणि ती थोडी म्हंजे दूध तुटल्यापासून दीडेक वर्षाची वासरं, कालवडी, पहिल्याच पावसाळ्यात चरायला निघालेली खोंडं, आणि नुकती व्यालेली गाय. पाच-सहा वर्षांची धडधाकट खिलार गाय थोडेफार जंत पोटात घेऊन मजेत जगते, तिच्या अंगात प्रतिकार तयार झालेला असतो. तिला दर तीन महिन्यांनी औषध पाजायची सवय लावली की त्या औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागं राहतात आणि पुढं त्यांचीच पिलावळ वाढते, मग कितीही महागडं औषध आणा, फरक पडत नाय. झाडपाला आणि चांगला खुराक ह्यांनी जंत दबून राहतात, शेणातली अंडी कमी होतात, औषधाच्या खेपा कमी लागतात. जंत शून्य होत नाहीत, तशी अपेक्षा धरूनच चालायचं असेल तर पुढचं वाचायची पण गरज नाय.

पहिलं काम शेण तपासणी. हे लोकांना फालतू वाटतं पण ह्याच्याशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे आहे. सकाळी जनावर चरायला सोडायच्या आधी ताजं शेण घ्यायचं, शक्यतो हातमोजा घालून गुदद्वारातनंच, जमिनीवर पडलेलं घेतलं तर त्यात मातीतले दुसरेच किडे येतात. एक मुठीएवढं बास. झाकणाच्या डबीत नायतर प्लास्टिक पिशवीत हवा काढून गच्च बांधा, वर जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर लिहा, आख्खे १२ आकडे नको, शेवटचे चार पुरतात. थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा, कारण उशीर झाला की अंड्यातनं अळ्या निघायला लागतात आणि मोजणी चुकते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा, तिथं सोय नसेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नुसतं "जंत आहेत का" असं विचारू नका. एका ग्रॅम शेणात किती अंडी आणि कुठल्या जातीची, हे विचारा. दहा जनावरं असतील तर दहाही तपासायला पाहिजेत असं नाय, तीन-चार वासरं आणि दोन-तीन मोठी एवढ्यावर अंदाज येतो.

रिपोर्ट आला की आधी हे बघा की झाडपाल्याच्या भरवशावर राहायचं नाय असं त्यात काय आहे का.

पाटण, जावळी, शिराळा बाजूला सगळ्यात मोठं दुखणं म्हंजे लिव्हर फ्लूक, आपण यकृतकृमी म्हणतो तो. हा पाणथळ जागेतल्या गोगलगायीतनं येतो, भातखाचराच्या कडेचं, ओढ्याकाठचं गवत खाल्लं की पोटात जातो आणि काळजात म्हंजे यकृतात जाऊन बसतो. बाभळीच्या शेंगा, कडुलिंब, लसूण, कशाच्याही जिवावर ह्याला सोडू नका. पावसाळा संपल्यावर डॉक्टरला विचारून फ्लूकवर चालणारं औषधच द्यावं लागतं, साधं जंताचं औषध दिलं तर ते पण बऱ्याचदा फ्लूकवर चालत नाय, म्हणून दुकानात जाऊन "जंताचं द्या" एवढंच म्हणू नका. पाण्यात उभं असलेलं गवत कापताना बुडातला भाग सोडून वरचाच घ्या, एवढं आपल्या हातात आहे. दुसरी गोष्ट लहान वासरं आणि रेडकं. आईच्या चिकातनं, दुधातनं त्यांच्या पोटात लांब पांढरे जंत येतात, रेडकांत तर फारच, मातकट रंगाची घाण वासाची हगवण लागते आणि बघता बघता रेडकू जातं. त्याला दहा-पंधरा दिवसांचं झालं की पहिला डोस डॉक्टरच्या सल्ल्यानं औषधाचाच. रक्ताची हगवण असेल तर तो बहुतेक वेळा जंत नसतोच, ते दुखणं वेगळं आणि उपचार वेगळा. आणि जबड्याखाली पिशवी आलेलं, उठता न येणारं जनावर असेल तर पाला वगैरे सगळं बाजूला ठेवा, फोन करा, सरकारी फिरत्या पथकाचा नंबर १९६२ आहे.

आता मुद्द्याचं. चरणाऱ्या गुरांच्या गोल जंतावर वनस्पतींमधली जी गोष्ट सगळ्यात जास्त अभ्यासली गेली ती म्हंजे टॅनिन, तेच ते तुरट तत्त्व. कच्ची सुपारी खाल्ल्यावर तोंड ओढल्यासारखं होतं ना, ते टॅनिन. हे दोन कामं करतं. एक तर अळी पोटात गेल्यावर तिथं जम बसवायला तिला अडचण करतं आणि मोठ्या जंताचं अंडी घालणं कमी करतं. दुसरं, खाद्यातलं प्रोटीन पहिल्या पोटात फुकट तुटून जायच्या आधी त्याला बांधून ठेवतं आणि पुढं आतड्यात मोकळं करतं, म्हंजे त्याच पेंडीतनं जनावराला जास्त प्रोटीन मिळतं, आणि जंताशी झुंजायला लागतं ते प्रोटीनच. एक खरं सांगून ठेवतो, ह्यातले बहुतेक चांगले रिझल्ट शेळ्यामेंढ्यांवरचे आहेत, गाईबैलांत फरक दिसतो पण सौम्य दिसतो.

आपल्याकडं टॅनिनचा सगळ्यात स्वस्त आणि हाताशी असलेला माल म्हंजे बाभळीची शेंग. साधी देशी बाभूळ बरं का, जिची शेंग मण्यांच्या माळेसारखी दिसते ती. वेड्या बाभळीची शेंग पिवळी, गोड, ती ह्या कामाची नाय, तिच्यात साखर जास्त आणि जनावरानं ती फार खाल्ली तर पोट बिघडतं. धनगर मंडळी उन्हाळ्यात बाभूळ झोडून मेंढरांना शेंगा घालतात तेच हे. अडचण एवढीच की शेंगा पिकून पडतात उन्हाळ्यात आणि आपल्याला लागतात पावसाळ्यात, म्हणून साठवण नीट पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पडलेल्या सुक्या शेंगा गोळा करा, किडक्या, बुरशी आलेल्या काढून टाका, कडक उन्हात अशा वाळवा की हातात मोडली तर कट्टदिशी आवाज आला पाहिजे. मग भरडून घ्या, कारण बी टणक असतं, आख्खी शेंग घातली तर बी तसंच्या तसं शेणातनं बाहेर येतं. पिठासारखं बारीक नको, जाडा भरडा. आतनं प्लास्टिक असलेल्या पोत्यात भरून फळीवर ठेवा, जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, जुलैमध्ये ओल धरली आणि हिरवी-काळी बुरशी दिसली की ते पोतं सरळ उकिरड्यावर, "जनावराला काय होतंय" म्हणून घालू नका, जंतापेक्षा बुरशीचं विष वाईट.

किती द्यायचं? टॅनिन एकूण कोरड्या खाद्याच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत फायद्याचं, पाच-सहाच्या वर गेलं की जनावर खाणं कमी करतं. घरी टॅनिन मोजायला आपल्याकडं काय लॅब नाय, म्हणून हात राखूनच द्यायचं. साडेतीनशे-चारशे किलोची मोठी गाय असेल तर पहिले चार दिवस मूठ-दोन मूठ भरडा, आंबवणात मिसळून, मग हळूहळू वाढवत दिवसाला अर्धा किलो, जास्तीत जास्त एक किलो. सहा महिन्यांच्या वरच्या वासराला दीडशे-दोनशे ग्रॅमवर जायची गरज नाय, आणि त्याच्या खालच्याला देऊच नका. तुरट असल्यानं काही जनावरं नाकं मुरडतात, त्यांना थोडा गूळ नायतर मळी मारून द्या. माझी पद्धत अशी की तीन आठवडे सलग द्यायचं, मग दोन आठवडे बंद, परत तीन आठवडे, असं दसऱ्यापर्यंत. गाभण जनावराला, खास करून शेवटच्या तीन महिन्यांत, शेंगा बंद ठेवा. आणि रोज शेणाकडं लक्ष ठेवा, घट्ट, काळपट गोळे पडायला लागले, दूध उतरलं, गव्हाणीत खुराक राहायला लागला की प्रमाण जास्त झालंय, आठवडाभर बंद करायचं.

शेंगा नसतील तर पेरूचा पाला, जांभळीचा पाला हे पण तुरटच. बागेची छाटणी झाली की पाला फुकट मिळतो, मोठ्या गाईला रोज किलो-दीड किलो ओला पाला कुट्टीत मिसळून चालतो. फक्त फवारणी कधी झाली ते मालकाला विचारल्याशिवाय आणू नका. आटपाडीकडं डाळिंबाच्या साली पण लोक घालतात, साल तुरट असते हे खरं, पण डाळिंबावर जेवढे स्प्रे होतात ते बघितलं तर मी तरी बागायतीची साल घालणार नाय, परसातलं झाड असेल तर गोष्ट वेगळी. सुबाभूळ प्रोटीनला चांगली, थोडं टॅनिन पण आहे, पण तिच्यात मिमोसिन नावाचं विष असतं, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त सतत घातली की शेपटीचे केस गळतात, गलगंड होतो. सुकवून, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, थोडी.

आणि कडुलिंब. ह्यावर भांडणं होतात पण सांगतो. पोटातल्या जंतावर नुसता कडुलिंबाचा पाला चारून झालेल्या प्रयोगांत निकाल कधी थोडा चांगला तर कधी काहीच नाय असे आलेत, त्यावर भरवसा ठेवावा असं त्यात काय दिसत नाय. कडू असल्यानं जनावर चारा पण कमी खातं. कडुलिंबाचं खरं काम गोचीडावर, लिटरभर पाण्यात २० मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण असा स्प्रे अंगावर, आणि त्याहून जास्त गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, कारण गोचीडाची अंडी तिथंच असतात. उन्हाच्या वेळी, डोळे वाचवून. गोचीडाचा विषय मोठा आहे, इथं एवढंच.

एनडीडीबीनं, म्हंजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं, जंतासाठी एक घरगुती मिश्रण प्रसिद्ध केलंय, ते बऱ्याच दूध संघांचे लोक सांगतात. एक कांदा, लसणाच्या पाच पाकळ्या, मोहरी आणि जिरं १०-१० ग्रॅम, मिरी ५ ग्रॅम, हळद ५ ग्रॅम (सांगलीत राहून हळद विकत आणायची वेळ येऊ नये), मूठभर कडुलिंबाचा पाला, ५० ग्रॅम कारलं, १०० ग्रॅम केळीचा गाभा, मूठभर द्रोणपुष्पीचा म्हंजे तुंब्याचा पाला आणि १०० ग्रॅम गूळ. जिरं, मिरी, मोहरी अर्धा तास भिजवून सगळं एकत्र वाटायचं, छोटे गोळे करून मीठ लावून जिभेवर थोडं थोडं चोळत द्यायचं, दिवसातनं एकदा, तीन दिवस. पातळ करून बाटलीनं घशात ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात गेलं तर जनावर न्यूमोनियानं जातं, जंतानं गेलं नसतं ते औषधानं जाईल. लसणाचा वास दुधाला येतो, म्हणून धार काढून झाल्यावर द्या.

ज्यांच्या वाटेला जायचंच नाय त्या गोष्टी: तंबाखूचं पाणी, मोरचुदाचं पाणी, सीताफळाच्या बियांची पूड. जुनी माणसं सांगतात, पण तंबाखू आणि मोरचूद ह्यात उपाय आणि विषबाधा ह्यांच्यात फारसं अंतर नाय, आणि सीताफळाची पूड डोळ्यात गेली तर डोळा जायची भीती. घाणेरी अंगाला लावायच्या काढ्यात वापरतात म्हणून कोणी चारू नका, पोटात गेली की काळीज बिघडतं आणि उन्हात कातडी सोलून निघते.

ह्या सगळ्या पाल्यापेक्षा जास्त फरक कशानं पडतो विचाराल तर पेंडीनं. वासराला पावसाळ्यात "आता हिरवं भरपूर आहे" म्हणून लोक खुराक बंद करतात, नेमकं तेव्हाच जंत चढत असतात. रोज अर्धा किलो सरकी नायतर शेंगदाणा पेंड, जोडीला मूठभर शेवग्याचा पाला नायतर लसूणघास, आणि खनिज मिश्रण, एवढं चालू ठेवलं तर त्याच रानात चरणारं वासरू वेगळं दिसतं. बाभळीचा भरडा ह्या पेंडीबरोबरच द्यायचा, नुसत्या वाळल्या कडब्यावर दिलात तर आधीच कमी असलेलं प्रोटीन टॅनिन बांधून टाकेल आणि वासरू अजून खंगेल.

चराईचं पण बघा, ह्याला पैसे लागत नाहीत. सकाळी दव असताना सोडू नका, ऊन वर येऊ द्या. रान पार खुरटं होईपर्यंत चारू नका, अळ्या बुडालाच जास्त असतात, चार बोटं गवत राहिलं की जागा बदला. वासरांना आधी ताज्या तुकड्यात सोडा आणि मोठी जनावरं मागनं. गाईचे आणि मेंढरांचे जंत बरेचसे वेगळे असतात, त्यामुळं मेंढरं चरून गेलेल्या रानात गाई आणि गाई चरलेल्या रानात मेंढरं हा फेरा फायद्याचाच आहे. ओलं शेण वैरणीच्या प्लॉटमध्ये टाकू नका, उकिरड्यात नीट कुजू द्या, आतल्या उष्णतेनं अंडी मरतात. आणि पुसेगावच्या नायतर खरसुंडीच्या यात्रेतनं नवीन खोंड आणलं की त्याला थेट कळपात सोडू नका, शेण तपासा, डॉक्टरला विचारून डोस द्या आणि दोन-तीन दिवस गोठ्यातच बांधा, त्याचं शेण माळावर पडायच्या आधी.

आता शेवटचं काम, जे जवळपास कोणीच करत नाय. शेंगा सुरू करताना सगळ्या वासरांना देऊ नका, अर्ध्यांना द्या, अर्ध्यांना तीच पेंड तेवढीच पण शेंगांशिवाय. चरायला सगळी एकत्रच. सुरुवातीला दोन्ही गटांचं शेण तपासा, तीन आठवड्यांनी परत तपासा, त्याच लॅबला. असं का, तर दसऱ्यानंतर रान वाळायला लागलं की शेणातली अंडी आपोआप पण कमी होतात, आणि सगळ्यांना एकदम पाला दिला असेल तर श्रेय पाल्याला जातं. हीच ट्रिक औषधाला पण लावा, डोस दिल्यावर साधारण दोन आठवड्यांनी तपासून अंडी ९५ टक्के तरी कमी झाली नसतील तर ते औषध तुमच्या कळपात चालेनासं झालंय, डॉक्टरला तसं सांगा आणि औषधाचा गट बदलून घ्या. मध्येच एखाद्या वासराची पापणी पांढरी पडली तर प्रयोग गेला खड्ड्यात, त्याला औषध द्या आणि वहीत तशी नोंद करा. शेंगा खाल्लेल्या गटात अंडी ठळकपणे कमी दिसली तर पुढच्या उन्हाळ्यात पोती वाढवा. दोन्ही गटांत सारखीच कमी झाली असतील तर भरडायची मजुरी वाचवा आणि शेंगा शेळ्यांना घाला, त्यांना तशा पण लय आवडतात.